दाखला द्यावा लागेल

१४ जून

धाकटे,

देवाच्या दयेने आम्ही तिघं बरी आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते. नसलीस तरी लिहिणार नाहीस, ही खोड आपण दोघींनी आईकडूनच उचलली.

बातमी अशी की तुझ्या भिंगरीला मिशनच्या शाळेत चौथीत जागा मिळाली. चार वर्षं यादीत नाव होतं. दर उन्हाळ्यात मी कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि कारकून मान न उचलता म्हणायचे, "बाई, यादी हललेली नाही." यंदा त्यांनी मान उचलली. मी तिथेच डोळे मिटून आभार मानायला लागले, तर मागची बाई म्हणते, "मावशी, झोप लागली का? पुढे सरका."

शाळा स्वच्छ आहे. सकाळी साडेआठला सगळ्या मुली सभागृहात गुडघे टेकून प्रार्थना करतात. तीनशे मुली एकदम खाली बसल्याचा आवाज ऐकून मला भरून आलं. तुझी लेक मात्र उठताना मुद्दाम एक गिरकी घेऊन उठली. नाव ठेवलंय ते उगाच नाही.

आजारखोलीही दाखवली. दोन लोखंडी खाटा, एक तामचिनीचं भांडं, पेल्यात कापसावर उभा ठेवलेला थर्मामीटर, आणि भिंतीवर मुलींच्या नावांची यादी: कोण केव्हा आली, काय झालं होतं, घरी केव्हा पाठवली. तिथल्या नर्सबाई तुझ्याच वयाच्या आहेत आणि तुझ्यासारख्याच कमी बोलतात.

आजारपणाच्या नियमांचं वेगळं पुस्तक दिलंय. मी त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घालून तीनदा वाचलं. शाळेत ताप आला तर तासाभरात येऊन मुलीला न्यायचं. औषध डब्यात द्यायचं नाही, नाव घालून आजारखोलीत द्यायचं. आजारपणानंतर परत पाठवताना एक फॉर्म भरायचा, त्यावर छापलेलंच आहे: "गेल्या चोवीस तासांत, कोणतेही औषध न देता, ताप नव्हता." खाली पालकाची सही. हे सगळं मला पटलं. दुसऱ्याच्या मुलांचाही विचार नको का.

सातव्या नियमाशी मात्र मी अडले. तसाच उतरवते: "सलग तीन दिवसांहून अधिक आजारी राहणाऱ्या विद्यार्थ्याला दाखला द्यावा लागेल." आता सांग, आजार काय दिवस मोजून येतो? तुझे दाजी म्हणाले, "कचेरीत विचारून ये ना नीट." मी म्हटलं, जागा मिळून आठ दिवस नाही झाले आणि आजारपणाच्या चौकशा करू? म्हणतील, मुलगी रोगी दिसतेय.

लेकीची काळजी करू नकोस. तुझ्या हाती जशी राहिली असती तशीच राहील.

तुझी,
ताई

*

२७ जून

ताई,

तुझं पत्र मी शुश्रूषा करते त्या वॉर्डातल्या आज्जींना वाचून दाखवलं. माझ्याकडे सव्वीस आज्जी आहेत, त्यातल्या तिघींना माझी मुलगी ही आपली नात वाटते आणि उरलेल्यांना मीच. गिरकी घेतल्याचं ऐकून एक जण म्हणाली, "पोरीला पायात चाळ बांधा." तिला गेल्या दोन वर्षांत मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तू नियमाला एवढी घाबरतेस कशाला? असा नियम सगळ्याच शाळांत असतो. वेळ आलीच तर दाखला घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. मुलीपेक्षा कागद मोठा आहे का? माझी एकच विनंती आहे. तिला काही झालं तर मला लपवू नकोस. इथून मी काही करू शकणार नाही हे मला कळतं. करारातलं दीड वर्ष अजून बाकी आहे आणि मधे रजा नाही. पण ऐकून तरी घेईन. निदान कशाची प्रार्थना करायची ते कळेल.

लोकर मिळाली आहे, तिच्यासाठी पायमोजे विणीन म्हणते. तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेकडेने आकार काढून पाठव. दोन्ही पायांचा. दर दोन-तीन महिन्यांनी पाठवत जा, म्हणजे वाढलेली कळेल मला.

दाजींना नमस्कार.

धाकटी

*

१९ ऑगस्ट

धाकटे,

उशीर झाला. पायांचे आकार सोबत आहेत. डावा काढताना गुदगुल्या झाल्या म्हणून अंगठ्याशी रेघ गेली आहे, ती वाढ समजू नकोस.

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. दाखला घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं तू लिहिलंस. किती सहज लिहिलंस गं. चार वर्षं त्या खिडकीशी उभी मी राहिले, म्हणून असेल. तू दूर आहेस, तुला कागद वाटतो. मला तो कागद म्हणजे तुझ्या मुलीचं उद्याचं सगळं आयुष्य वाटतो. तू माझ्या ओटीत मूल घातलंस ते शिकवायला, आणि मी पहिल्याच वर्षी तिचा दाखला काढून आणू?

हे असं होतंच, माझ्या मनाचे खेळ नाहीत. बेकरीवाल्याची मुलगी, हिच्याच वर्गातली, काविळीने दहा दिवस घरी होती. अकराव्या दिवशी मी कचेरीपाशी होते, तर तिचा बाप आतून दाखला हातात घेऊन बाहेर आला. सरळ फाटकाबाहेर गेला. सोमवारी तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसलेली. म्हणजे बघ.

लपवू नकोस म्हणालीस म्हणून सांगते. जुलैच्या शेवटी भिंगरीचा घसा धरला होता. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दूध दिलं, गळ्याला फडकं बांधलं. तीन दिवस घरी ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी ताप असा नव्हता, कणकण होती. अंगाला हात लावला की कळतं ना आपल्याला, ताप कुठला आणि कणकण कुठली. फॉर्मवर "ताप नव्हता" असं छापलंय, कणकणीबद्दल काही लिहिलेलं नाही. मी सही केली आणि पाठवली. आठवड्यात घसा साफ झाला. देवाने राखलं.

परवापासून उजवा गुडघा दुखतो म्हणते. मैदानात पडली असेल, विचारलं तर "नाही" म्हणते. या वयात हाडं वाढतात, आपलेही दुखायचे. तेल चोळते आहे.

रागाने लिहिलेलं वाटलं तर सोडून दे. तुझ्यावर राग काढायला मला जवळ दुसरं कोणी नाही.

ताई

*

६ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र नाही. सात आठवडे झाले. मागच्या पत्राने दुखावली असलीस तर तसं दोन शब्दांत कळव, पण कळव. तुझे दाजी म्हणतात टपाल अडकलं असेल. त्यांचं काय, त्यांच्या मते जगात सगळं नुसतं अडकलेलं असतं आणि आपोआप सुटतं.

लपवू नकोस म्हणाली होतीस. मी मागच्या वेळी थोडं लपवलं. आज लिहिते, कारण हे देवाला सांगून झालं आणि तरी हलकं वाटत नाही.

भिंगरीची कणकण गेली नाही. येते, जाते. दोन दिवस नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा डोळे लाल. मी तीन दिवस घरी ठेवते आणि चौथ्या दिवशी पाठवते, मग आठवडाभराने पुन्हा तेच. चौथ्या दिवशी सकाळी सहाला तापाच्या औषधाचा एक चमचा देते. साडेआठच्या प्रार्थनेपर्यंत अंग गार पडतं. मग सही करते. "कोणतेही औषध न देता." चार वेळा झाली ती सही. पहिल्या वेळी मी म्हटलं, प्रभू, कणकण आहे ही, ताप नव्हे, तुला तरी फरक कळतो. दुसऱ्या वेळी म्हटलं, या एका वर्षासाठी. नंतर काही म्हटलं नाही. चमचा धुतला आणि सही केली.

तिला मी शिकवलंय, कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणायचं. एकदा नर्सबाईंनी विचारलं, "घरी ताप होता का गं?" तर ही म्हणाली, "नाही बाई, कणकण होती." बाई हसल्या म्हणे. मी घरी येऊन तिला रागावले. म्हटलं, पुढचं बोलायचं नाही, "नाही" वर थांबायचं. माझ्या तोंडून हे निघालं, बघ. रविवारी मुलांना खरं बोलण्याचे धडे देणारी मी.

गुडघ्याचं दुखणं तर पाहुण्यासारखं झालंय. आज उजव्या गुडघ्यात मुक्काम, चार दिवसांनी डाव्यात, मधे दोन दिवस कोपरात जाऊन आलं. गेला तो सांधा अगदी स्वच्छ, जसं काही झालंच नव्हतं. आम्ही थट्टाही करतो, "आज पाहुणे कुठे उतरलेत?" आता डाव्या घोट्यात आहेत. प्रार्थनेला गुडघे टेकताना ओठ चावते, पण बाकावर बसून राहू नकोस असं मीच सांगितलंय. जी बसते तिचं नाव आजारखोलीच्या यादीत जातं.

घरच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. पूर्वी ती मोजायच्या आत वर असायची. आता आठव्या पायरीवर थांबते आणि म्हणते, "मावशी, तू हो पुढे, मी इथून रस्ता बघते." तिथे खिडकी नाही.

डॉक्टरांकडे नेलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, किती दिवस? आणि ते शाळेचेही डॉक्टर आहेत. सांगितलं की दाखला. नाही सांगितलं तर नेऊन उपयोग काय? मी या दोन भिंतींमध्ये उभी आहे, धाकटे. दार असेल तर तू दाखव, तू शिकलेली आहेस या कामात.

पायांचे नवे आकार पाठवते. डावा उजव्यापेक्षा बोटभर रुंद आलाय. पेन्सिल तिरपी धरली गेली असेल.

ताई

*

१५ ऑक्टोबर

ताई,

आधी हे वाच, बाकीचं नंतर. ज्या दिवशी हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे ने. चालवत नेऊ नकोस, दाजींना उचलून घ्यायला सांग. त्यांना सांग की जुलैत घसा धरला होता आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी सांधे धरायला लागले, एक सोडून दुसरा. छातीला नळी लावून ऐका असं सांग. ते विसरले तर तू आठवण कर.

आता बाकीचं. ऑगस्टच्या शेवटी वॉर्डात जुलाब-उलट्यांची साथ आली. आम्हा सहा नर्सना आज्जींबरोबर आत ठेवून दार लावून घेतलं. जेवण खिडकीतून, कपडे पिशवीतून. बाहेरचा कागद आत नाही, आतला बाहेर नाही. काल दार उघडलं. तुझी दोन्ही पत्रं कचेरीत एकावर एक पडलेली होती. मी ती जिन्यात उभ्याने वाचली.

पेन्सिल तिरपी नव्हती, ताई. मी आकार खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून पाहिले. तो घोटा सुजलेला आहे.

आणि तुझं ऑगस्टचं पत्र मी तीनदा वाचलं तेव्हा मला कळलं की आपण दोघी जूनपासून वेगवेगळ्या कागदाबद्दल बोलतो आहोत. "विद्यार्थ्याला दाखला द्यावा लागेल." शाळा विद्यार्थ्याला शाळा सोडल्याचा दाखला देणार नाही. विद्यार्थ्याने शाळेला द्यायचा आहे. डॉक्टरांचा. मुलगी खरंच आजारी होती, एवढंच लिहिलेला. मी "दाखला घे आणि मोकळी हो" म्हटलं ते त्या दाखल्याबद्दल. तो नेला की महिनाभर घरी ठेवलंस तरी तिची जागा कुठे जात नाही. बेकरीवाल्याचं मला माहीत नाही, पण ते गाव सोडून गेले असतील, तपास कर.

मी नीट लिहायला हवं होतं. "डॉक्टरांचा" एवढा एक शब्द. रजा मागितली होती, मिळाली नाही. उद्या पुन्हा मागते.

धाकटी

*

१२ डिसेंबर

धाकटे,

पोस्टकार्ड टाकलं होतं ते मिळालंच असेल, पण दोन ओळींत काय मावतं. सविस्तर लिहायला आज हात चालतोय.

तुझं पत्र सव्वीस ऑक्टोबरला सकाळी नवाच्या टपालाने आलं. भिंगरी त्या दिवशी शाळेतच होती, सकाळच्या चमच्यावर. मी पत्र हातात घेऊनच शाळेत गेले. आजारखोलीत गेले तर ती तिथल्या खाटेवर होती. प्रार्थनेला खाली बसली ती उठलीच नव्हती. नर्सबाई तिचा घोटा उशीवर ठेवत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात, निरोप पाठवणारच होते. हे किती दिवसांचं आहे?"

मी म्हटलं, "दाखला देणार का तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "आम्ही कसला देणार? तुम्ही आणायचा. चार-पाचदा मुलगी तीन-तीन दिवस घरी होती, एकदा तरी डॉक्टरांचा दाखला येईल म्हणून मी वाट बघत होते."

मग मी पुस्तक काढून सातवा नियम त्यांना वाचून दाखवला, मी वाचत होते तसा. त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "असाही होतो की अर्थ." मुख्याध्यापिकांनाही तेच दाखवलं. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं हे वाक्य छापतोय आम्ही. कुणी विचारलं नाही." नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी विचारायचं." बेकरीवाल्याने भावाच्या गावी दुकान हलवलंय. त्याने दाखला स्वतः मागून नेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप केव्हापासून?" मी घरची वही पुढे केली. तुला माझी सवय माहीत आहे. मागच्या पानांवर सगळं लिहिलेलं होतं, तारीख, वेळ, किती अंश, किती चमचे, कुठला सांधा. त्यांनी पानं उलटली, सगळी. मग म्हणाले, "बाई, इतकी नीट नोंद मला दवाखान्यातही मिळत नाही. ही घेऊन ऑगस्टात का नाही आलात?" मी वही पिशवीत ठेवली. तुझे दाजी मागे उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मॅट्रिक झालीस ती वाचायला, की विचारायला लाजायला?" लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं लागेल असं ते पहिल्यांदा बोलले. घरी आल्यावर त्यांनीच मला पाणी दिलं.

सांधेताप म्हणतात. कुणाला लागत नाही हा, धाकटे. शाळेत बसली असती तरी दुसऱ्या कुणाला झाला नसता. आणि जागाही जाणार नव्हती, मग लपवायचं कारणच नव्हतं. सांधे सोडून जाईल म्हणतात, पण हृदयाच्या एका झडपेला धरलंय त्याने. घसा धरला तेव्हाच दहा दिवसांच्या गोळ्या झाल्या असत्या तर कदाचित इथवर आलं नसतं. डॉक्टर "कदाचित" म्हणाले. मी तो शब्द धरून बसले आहे आणि तोच मला बसू देत नाही.

आता दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, मोठी होईपर्यंत. सहा आठवडे अंथरुणावर झाले. जिन्यावरून आम्ही उचलून नेतो. गेल्या सोमवारपासून शाळेत अर्धा दिवस. डॉक्टरांचा दाखला दिला, तो त्यांनी जपून लावून ठेवला, जागेचं नावही कुणी काढलं नाही. वर्ग खालच्या मजल्यावर आणला तिच्यासाठी. प्रार्थनेला तिला खुर्ची देतात. चांगली माणसं आहेत. जूनमध्येही चांगलीच होती.

फक्त एक आहे. त्यांनी तिला एक कार्ड दिलंय. रोज सकाळी मी त्यावर सही करायची: "आज मुलीची कोणतीही तक्रार नाही." तक्रार असेल तर घरी ठेवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, दिवस कितीही लागोत. सोपं आहे. मी सकाळी तिच्यासमोर बसते आणि विचारते, "कुठे दुखतं का?" ती म्हणते, "काही नाही." मी गुडघे दाबते, घोटा मोज्यातूनच चाचपते, ती मोजा काढू देत नाही, थंडी वाजते म्हणते. "काही नाही, मावशी." त्याच आवाजात. मीच शिकवलेल्या. अगदी "नाही" वर थांबते, पुढे एक शब्द नाही. मग माझा हात कार्डावर जातो आणि तिथेच राहतो. त्या सगळ्या सह्या मी पटकन केल्या होत्या. आता खरी करायची तर होत नाही. तिच्या "काही नाही" चा दाखला मी कुठून आणू?

रजेचं काय झालं ते कळव. नाही मिळाली तरी कळव.

खाली ती तुला चार ओळी लिहिणार आहे. मी त्या वाचणार नाही. कागद तिच्याकडे देते आणि तिलाच घडी घालून पाकीट बंद करायला सांगते. तिचं तिच्या आईशी काही बोलणं असेल तर त्यात मी नको.

ताई

प्रिय आई,

मी बरी आहे. इंजेक्शनला रडत नाही. दाजीकाका मला खांद्यावर घेतात तेव्हा मी जिन्याच्या चौदा पायऱ्या मोजते.

मावशीला सांगू नकोस. शनिवारपासून पाहुणे परत आलेत. ती सकाळी विचारते तेव्हा तिचा सहीचा हात खूप थरथरतो, म्हणून मी काही नाही म्हणते. मग तो थोडा कमी थरथरतो.

तू दोन्ही पाय मागतेस पण आज उजव्याचाच आकार काढला आहे. डाव्याचा नंतर काढीन.

तुझी,
भिंगरी